गाठोडं उतरवून घ्या

कडूबाच्या डाव्या हातात जीव कशानं परत आला असं विचारलं, तर डॉक्टर गोळ्यांचं नाव घेतील आणि त्याची बायको रुख्मिणी तेलाच्या बाटलीचं. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण खरं औषध निराळंच होतं आणि ते कुठल्या मेडिकलवर मिळण्यातलं नव्हतं. ते त्याच्याच भाऊकीत जन्मलं होतं, त्याच्याच गल्लीत राहत होतं, आणि त्याचं नाव होतं निवृत्ती. या थोरल्या चुलतभावावर कडूबानं चौदा महिने डूख धरला. सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचा, झोपताना शेवटचा त्याचाच. एवढं स्मरण देवाचं केलं असतं, तर देव घरी पाणी भरायला आला असता.

दुसरबीडपासून आठ किलोमीटर आत, नाल्यापलीकडच्या गावात कडूबाचं घर. आधीची दोन लेकरं गेली म्हणून, याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून, आईनं ठेवलेलं हे कडू नाव. माणूस मात्र कडू नव्हता. दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांबार लावायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे तिला कोथिंबीर म्हणणारा पुण्याहून आलेला समजतात. पहाटे जुड्या बांधायच्या, काळ्या स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना पोती लटकवायची आणि दिवस उगवायच्या आत बाजार गाठायचा, हे त्यानं बावीस वर्षं केलं. त्या गाडीवर त्यानं बायकोला बाळंतपणाला नेलं, आईला शेवटचं दवाखान्यात नेलं, पोरगी प्रतीक्षाला बारावीच्या परीक्षेला नेलं. गाडी कुणाला दिली नाही आणि कुणाच्या मागं बसला नाही. मागं बसणं त्याला जमतच नसे. हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही, म्हणायचा.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मेथी उपटता उपटता तो वाफ्यातच कलंडला. लकवा. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं. जालन्याला एकवीस दिवस काढले. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. कडूबाची मुंगी तर जागची हलायलाच तयार नव्हती.

सुट्टी झाली त्या दिवशी काळीपिवळीनं त्याला दुसरबीडला आणून सोडलं. गावचा रस्ता खोदून ठेवलेला, पुढं जीप जाईना. तिथं निवृत्ती उभा होता, कडूबाचीच स्प्लेंडर घेऊन. ‘उभी राहून बॅटरी उतरते’ या सबबीवर त्यानं ती पहिल्याच आठवड्यात नेली होती. आयत्या बिळावर नागोबा. त्यानं कडूबाला मागच्या सीटवर चढवलं आणि स्वतःच्या पांढऱ्या दुपट्ट्यानं आपल्या कमरेशी करकचून बांधलं. बांधायला हरकत नव्हती. नाहीतर माणूस पडला असता. रुख्मिणी पिशव्या घेऊन मागून दुसऱ्याच्या गाडीवर येणार होती.

नेमका बाजाराचा दिवस होता. निवृत्तीनं काय करावं? भाजीच्या रांगेसमोर, जिथं कडूबा बावीस वर्षं पोतं अंथरून बसला, तिथल्या चहाच्या हॉटेलापुढं गाडी थांबवली आणि हाळी दिली, “या बे सारे! गाठोडं आणलं, उतरवून घ्या!”

सगळा बाजार हसला. माणसं वाईट नव्हती, पण निवृत्ती बोलला की हसू यायचंच. चौघांनी कडूबाला उचलून बाकड्यावर ठेवलं. निवृत्तीनं दोन कप चहा पिला, कडूबाच्या नावावर. कडूबाच्या ओढलेल्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हात उचलत नव्हता. त्याला एक शब्द बोलायचा होता, पण जीभ तोंडात पडून राहिलेली. रडू आलं नाही. पोटात काहीतरी पेटलं आणि ते मग चौदा महिने विझलं नाही.

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक बाई आली. तिनं रबरी चेंडू दिला, दाबत जा म्हणाली. कडूबानं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्याला फेकून दिला. चेंडू दाबून कुणाचं भलं झालंय? मग त्यानं प्रतीक्षाकडून खुणेनं दुसरबीडच्या गोविंदा मिस्त्रीला बोलावणं धाडलं. गोविंदानं जुन्या गाडीचा क्लच आणला, दांडी, वायर आणि स्प्रिंगसकट, आणि बाजेच्या लाकडाला घट्ट आवळून दिला. गाडीचा क्लच डाव्या हातात, गिअर डाव्या पायात. लकव्यानं नेमकं तेवढंच नेलं होतं. कडूबा बाजेवर बसायचा, मेलेली बोटं उजव्या हातानं त्या दांडीवर ठेवायचा आणि डोळे मिटून निवृत्तीचं तोंड समोर आणायचा. पहिला महिना दांडी हललीसुद्धा नाही. दुसऱ्या महिन्यात करंगळीशेजारचं बोट थरथरलं. प्रतीक्षा मोजायला बसायची.

“बाबा, आज सात झाले.”

“आ... अजून,” कडूबा म्हणायचा.

बोलणंही असंच आलं. त्या बाईनं त्याला आकडे म्हणायला सांगितले होते, पण हा दिवसभर एकच शब्द घोळवायचा. गाठोडं. त्यातला ठ आणि ड त्याच्या जिभेला फार जड. गातोलं, गाथोरं, असं करत करत दिवाळीला तो शब्द नीट उमटला. रुख्मिणीला ठाऊक होतं हे कशासाठी चाललंय. एकदा ती म्हणाली, “सोडा ना आता. बोलून गेला तो मानूस. त्याले याद बी नसंन.”

“मले हाय,” कडूबा म्हणाला.

सहाव्या महिन्यात त्यानं प्रतीक्षाला गाडीची चाबी आणायला पाठवलं. निवृत्ती ओट्यावर दाढी करत होता. “कायले पायजे? बसून तोंडानं भुर्र भुर्र करनार हाय का तुहा बाप?” म्हणाला, आणि गाडी दिली ती टाकीत थेंबभर पेट्रोल ठेवून. पोरगी गल्लीच्या त्या टोकापासून ढकलत आली. घामानं भिजलेल्या पोरीकडे कडूबानं पाहिलं आणि त्या दिवशी बाजेवरचा क्लच एकशे वीस वेळा दाबला.

दहाव्या महिन्यात डॉक्टरांनी होय-नाही करत परवानगी दिली. सपाट रस्ता, हळू वेग, डोक्यात हेल्मेट, आणि काही महिने तरी मागं माणूस असलाच पाहिजे. रुख्मिणीनं तेवढ्यावर भागवलं नाही. देवासमोर दिवा लावून त्याच्याकडून शब्द घेतला. “मागची सीट रिकामी दिसली त्या दिवशी मी माहेरी गेली समजा.” कडूबानं मान डोलावली.

मग दिवस उजाडता उजाडता, गाव जागं व्हायच्या आत, नवरा-बायको गाडी ढकलत शेताकडं न्यायचे. हेल्मेट घातलेला कडूबा आणि मागं पदर खोचून बसलेली रुख्मिणी, सोयाबीन निघालेल्या वावरात गोल गोल फिरायचे. चार वेळा पडले. एकदा रुख्मिणीचं कोपर सोललं. ती म्हणाली, “मरू एखांद्या दिवशी दोघं बी,” आणि पुन्हा मागं बसली. डावा पाय गिअरवर आपटायचा, पडायचा दुसरा तर पडायचा चौथा. पुढं पुढं कडूबा सोयाबीनचं भरलेलं पोतं बायकोच्या मागं बांधायला लागला, त्याच पांढऱ्या दुपट्ट्यानं. दुपट्टा त्यानं धुऊन, घडी घालून जपला होता. एवढं वजन कशाला, म्हणून रुख्मिणीनं विचारलं, तर म्हणाला, “निवृत्तीदादा माह्या बायकोहून जड हाय.”

तेव्हा तिला सगळा डाव कळला. आणि खरं सांगायचं तर तिलाही गुदगुल्या झाल्या. पोरीनं गाडी ढकलत आणली होती, ते तीही विसरली नव्हती.

त्यातच प्रतीक्षाचं लग्न ठरलं. एप्रिलअखेरची तारीख. पत्रिका छापून आल्या आणि भाऊकी बसली. या भाऊकीत एक जुनी रीत आहे. पहिली पत्रिका देवाला, दुसरी नवरीच्या मामाला. मामाची पत्रिका न्यायला पोरीचा बाप आणि भाऊकीतला वडील माणूस, दोघांनी जायचं, आणि जायचं ते बापाच्याच वाहनावर, एकत्र. दोन वाहनांवर गेले तर पोरीच्या संसाराची दोन घरं होतात म्हणे. बैलगाडीच्या काळातली गोष्ट, पण मोडायची हिंमत कुणात नाही. पाच वर्षांपूर्वी एकानं पोरीच्या मामाकडे भाड्याच्या जीपनं पत्रिका नेली, तर याच निवृत्तीनं भर मांडवात त्याची लाज काढली होती. भाऊकीत वडील आता तोच.

निवृत्ती मिशीवर हात फिरवत म्हणाला, “चिंता नको करू कडू. तुही गाडी मी चालवतो. तू बस मागं. दुपट्टा आणजो बांधाले.”

लोक हसले. कडूबाही हसला, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. “आनतो ना दादा,” म्हणाला. “दिवस बाजाराचा धरू. चांगला हाय.”

ठरल्या दिवशी निवृत्ती कडक इस्त्रीचा पायजमा घालून आला, तर कडूबा हेल्मेट घालून पुढच्या सीटवर बसलेला. गाडी चालू. ओट्यावर बाया, दारात शेजारी.

“हे काय बे?”

“बस दादा.”

“तुह्या हातानं? मले मारतं का?”

“दुसऱ्या गाडीवर येतं मंग? दोन घरं होतीन पोरीचे.”

निवृत्तीनं इकडं तिकडं पाहिलं. स्वतःच घातलेली गाठ, स्वतःच्याच गळ्याला. भाऊकी बघत होती, बाया पदराआड हसत होत्या. तो बसला. कडूबानं दुपट्टा पुढं केला, “बांधू काय?” निवृत्तीनं तो झिडकारला. कडूबानं घडी शर्टात खोचली, डाव्या हातानं क्लच दाबला, पायानं पहिला टाकला, आणि गाडी पोत्याच्या सरावानं अलगद निघाली.

नाल्याच्या फरशी पुलावर निवृत्तीनं त्याचा शर्ट धरला. पुढच्या चढावर कंबर धरली. दुसरबीडचा हायवे ओलांडताना तर दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ‘हळू बे, हळू बे’ सुरू केलं. कडूबा हळूच चालवत होता. त्या मिठीचा त्याला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. बोल अजून, भी अजून, तो मनात म्हणत होता. पलीकडे सात किलोमीटरवर रुख्मिणीचा भाऊ शेखर राहायचा. त्यानं दोघांना कुंकू लावलं, टोपी-नारळ दिला, रसपोळी वाढली. निवृत्तीला घास जात नव्हता. परतीची वाट बाजारातून होती आणि ते कडूबानं त्याला दोनदा सांगितलं.

दुपारी चारला गाडी भाजीच्या रांगेसमोर आली. तेच हॉटेल, तेच बाकडं. ज्यांनी त्याला उचलून ठेवलं होतं त्यातले तिघं तरी तिथं होते. कडूबानं गाडी थांबवली, न्यूट्रल केली, हेल्मेट काढलं. घसा खाकरला. ठ आणि ड जिभेच्या टोकावर तयार होते. चौदा महिने ज्या एका वाक्यासाठी काढले ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

आणि मागून निवृत्तीनं हात वर करून हाळी दिली, “या बे सारे! गाठोडं आलं, उतरवून घ्या!”

सगळा बाजार हसला. मागच्यापेक्षा जास्त. “वा रे निवृत्तीबुवा!” कुणी म्हणालं. दोघांनी खरोखरच त्याला उचलून खाली घेतलं, कुणी कडूबाची पाठ थोपटली, “गडी उठला बरं का,” म्हणालं. पण हसणं सगळं निवृत्तीचं होतं. कडूबा उघड्या तोंडानं तसाच बसून राहिला. घरात घुसून कुणी पेटी उचलून न्यावी आणि जाताना रामराम घालावा, तसं झालं. या माणसाला लाज नव्हतीच, तर ती काढणार कुठून? चौदा महिने, एकशे वीस एकशे वीस वेळा, सोललेलं कोपर, आणि हा दोन शब्दांत सगळं घेऊन गेला.

निवृत्तीनं दोन चहा सांगितले. “कडूच्या नावावर,” म्हणाला. मिशा पुसल्या आणि कडूबापुढं तळहात पसरला.

“आन चाबी इकडं. थकला असशीन तू. इथून मी चालवतो, बस मागं.”

कडूबानं त्या तळहाताकडं पाहिलं. मग शर्टात हात घातला आणि पांढऱ्या दुपट्ट्याची घडी त्या हातावर ठेवली.

“हे घे. तुहं सामान तुले देलं.”

एवढं बोलून त्यानं हेल्मेट चढवलं, क्लच दाबला, पहिला टाकला. निवृत्ती दुपट्टा धरून उभा. “अबे! काऊन बे? मी कसा येऊ?” तो ओरडत होता. पत्रिका पोचली होती, आणि परतीबद्दल रीत काही बोलत नाही. या वेळी हसणाऱ्यांकडे कडूबानं वळून पाहिलं नाही. बाजाराच्या टोकाला दुसरा गिअर पडला, शाळेपाशी तिसरा.

हायवे ओलांडून गावच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं. गाडी हलकी लागत होती. मागं कोणी नव्हतं. रुख्मिणी नाही, पोतं नाही, निवृत्ती नाही. आत्ता पाय अडकला तर? आत्ता हात सुटला तर? थांबावं, कुणाची तरी वाट पाहावी, असं वाटलं. पण थांबलो तर निवृत्ती मागून कुणाच्या तरी गाडीवर येईल आणि म्हणेल, पाहा, बसलं गाठोडं. त्या नुसत्या विचारानं बोटं क्लचवर घट्ट झाली. फरशीवर त्यानं टाचेनं गिअर उतरवला, चढावर दुसऱ्यात घेतली. डावा पाय एकदाही चुकला नाही. चढ संपल्यावर मोकळं शिवार दिसलं, वारा शर्टात शिरला, आणि कडूबा हेल्मेटच्या आत मोठ्यानं शिव्या देत, रडत, हसत घरापर्यंत आला.

अंगणात रुख्मिणी कुरडया वाळत घालत होती, क्लचच्याच बाजेवर, लग्नाची शंभर माणसांची तयारी. तिनं गाडीचा आवाज ओळखला आणि मान वर केली. तिची नजर आधी मागच्या सीटवर गेली. ती उठली, जवळ आली, आणि त्या रिकाम्या सीटवर हात ठेवून पाहिला, जणू तिथं कुणी असेल आणि आपल्यालाच दिसत नसेल.

“दादा कुठं हायेत?”

“बाजारात. उतरवून देलं.”

“अन् तुमी एकटे आले? मले शब्द देल्ता तुमी.”

“मोडला,” कडूबा म्हणाला. “जातं काय माहेरी? सोडून देतो गाडीवर.”

पीठ लागलेल्या हातांनी तिनं त्याचा डावा हात क्लचवरून उचलला, एकेक बोट उघडून पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून वळली. हसली की रडली ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

निवृत्ती दिवस बुडता बुडता आला. काळीपिवळी पूर्ण गावापर्यंत येत नाही, म्हणून शेवटचे चार किलोमीटर पायी. डोक्याला तोच दुपट्टा गुंडाळलेला. कडूबा ओट्यावर बसला होता. “दादा, चाबी पायजे काय?” त्यानं विचारलं. निवृत्ती मान खाली घालून पुढं निघून गेला. उभ्या जन्मात त्याचं तोंड बंद झालेलं कडूबानं पहिल्यांदा पाहिलं. रात्री जेवण गोड लागलं, झोप गाढ लागली, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदाच निवृत्तीची आठवण आली नाही. त्या दिवशी बाजेवरचा क्लच दाबायचंही राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही. कुरडया पसरलेल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी चहाचा कप डाव्या हातातून सुटला आणि फुटला.

रुख्मिणीनं काचा वेचल्या. तिच्या कपाळावर आठी होती.

त्याच दुपारी प्रतीक्षा बाहेरून आली ती लालबुंद होऊन. “बाबा, पारावर निवृत्तीआबा काय सांगून राह्यले माहीत हाय? म्हनते, मीच मुद्दाम उतरलो बाजारात. मीच म्हटलं कडूले, जाय बे एकटा, कवरक मागं मानूस घेशीन? मी उतरलो म्हनूनच त्याची भीती मोडली, नाहीतर जलमभर तो बायकोले घेऊन फिरला असता. सारे वा वा करून राह्यले त्याईले.”

कडूबाचं तोंड पुन्हा एका बाजूला ओढल्यासारखं झालं. डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप वळली आणि मूठ झाली, पक्की, पांढरी पडेपर्यंत.

रुख्मिणीनं त्या मुठीकडं पाहिलं. मग ती भराभर उठली, अर्धवट वाळलेल्या कुरडया सुपात गोळा केल्या आणि पदरानं बाज झटकली.

“घ्या,” ती म्हणाली, “जागा केली. प्रतीक्षा, मोज गं.”